पाण्याला धुराचा वास

पिंपातलं पाणी वाढलं होतं.

मी कळकाची काडी बाहेर काढली, उजेडात धरली आणि पुन्हा एकदा बुडवून बघितली. आदल्या संध्याकाळी पाणी चौथ्या खाचेला टेकलं होतं. आता काडी पाचव्या खाचेच्याही वर दोन बोटं ओली होती. वैशाख अर्धा सरला होता, गावातल्या विहिरींनी कधीच तळ दाखवला होता, टँकर एक दिवसाआड येत होता, आणि माझ्या पिंपातलं पाणी रातोरात वाढलं होतं. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. माझं डोकं फिरलं.

"मुमताज," मी हाक मारली. "इकडे ये जरा."

मुमताज मुलाणी आमच्या उपकेंद्राची परिचर. झाडणं, पुसणं, पाणी भरणं, बाळंतिणीचं हवंनको बघणं, सगळं तिच्या अंगावर. ती पदराला हात पुसत आली.

"ह्यात तू पाणी घातलंस?"

"न्हाई सिस्टर."

"खरं सांग."

"अल्लाची आन. तुमच्या पिंपाला मी हात लावीन का? मागं नुसतं झाकन सरळ केलं, तर दोन दीस तुमी माझ्याशी बोलला न्हाईसा."

ते खरं होतं. शंभर लिटरचं ते तोटीचं पिंप मागच्या पडवीत असायचं, वर झाकण, झाकणावर फडकं, फडक्याला गाठ. त्यातलं पाणी फक्त बाळंतपणासाठी. टँकरचं पाणी तुरटी फिरवून निवळायचं, स्टोव्हवर वीस मिनिटं उकळायचं, गार करून पिंपात ओतायचं, आणि रोज संध्याकाळी काडी बुडवून किती उरलं ते बघायचं, हे सगळं मी स्वतः करत असे. पिंपापाशी दुसऱ्या कुणी गेलेलं मला खपत नसे.

ह्या गोष्टीला आता एकवीस वर्षं होतील. खडकाळ्याच्या त्या उपकेंद्राच्या छपराला आता पन्हळ्या आहेत, आवारात पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी आहे, बाळंतपणाच्या खोलीत कोपराने उघडायचा नळ आहे. तिथल्या नव्या सिस्टरने परवा मला फोन करून विचारलं, "मॅडम, टाकी आहे, नळ आहे, तरी पडवीतलं ते जुनं पिंप उकळलेल्या पाण्याने भरून ठेवायची पद्धत तुम्ही पाडलीत म्हणे. कशासाठी?" मी म्हटलं, "पावसाचा भरवसा राहिलेला नाही, म्हणून." हे उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं.

मी मूळची देवगडकडची, मयेकर. आमच्याकडे विहिरीत वाकून हाताने कळशी बुडवावी इतकं पाणी वर असतं. माणदेशात बदली झाली तेव्हा पहिलं वर्ष मी रडण्यात घालवलं आणि दुसऱ्या वर्षी चिक्कू झाले. हात धुवायला मी वाटीने पाणी द्यायचे. पहिली वाटी साबणाआधी, दुसरी साबणानंतर, तिसरी मागायची नाही. गावात माझं नाव पडलं होतं, वाटीवाली सिस्टर. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट थोडा गर्वच होता.

त्या वर्षी तर फारच. पाऊस पूर्वी उशिरा यायचा पण यायचा, असं म्हातारी माणसं सांगायची. ती तीन वर्षं तो एखाद्या दुपारी धाडकन कोसळायचा, वावरातली माती ओढ्याला लावायचा आणि पुन्हा तोंड दाखवायचा नाही. फेब्रुवारीतच आसपासच्या उपकेंद्रांनी हात टेकले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मार्चच्या सभेत कागद आला की जिथे पाण्याची खात्री नाही तिथे बाळंतपणं करू नयेत, तालुक्याला पाठवावीत. तालुका बत्तीस किलोमीटर, मध्ये घाट, आणि गावात जीप एकच. आदल्या चैत्रात एकीला तसं पाठवलं होतं. तिचं मूल घाटातच झालं. ते रडलं नाही.

म्हणून सभेत मी उभी राहिले. म्हटलं, "माझ्याकडे पाणी आहे, साहेब."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "पावसाळा लागेपर्यंत पुरेल, सिस्टर?"

"पुरेल. काटकसर केली तर पुरतं."

सभेत माझं कौतुक झालं. काटकसर शिकावी तर मयेकर सिस्टरकडून, असं साहेब म्हणाले. आणि खरंच, ज्या हिशेबाने पिंप मार्चात आटायला हवं होतं, तसं ते आटलं नव्हतं. मला वाटायचं, ही माझ्या वाटीची करामत.

तर त्या सकाळी मी झाकण काढून पाण्याचा वास घेतला. धुराचा वास येत होता. पुसट, पण येत होता. माझ्या स्टोव्हवरच्या पाण्याला असा वास कधी येत नसे.

"कुणीतरी कसलं तरी पाणी ह्यात ओतलंय," मी म्हटलं.

"कोन कशापायी वतंल? पानी चोरत्यात लोक. आनून घालत्यात का कुठं?"

"मग वाढलं कसं? शेजारच्या गावात गॅस्ट्रोची साथ आहे. पाझर तलावातल्या त्या हिरव्या डबक्याचं पाणी असेल तर? उद्या ह्याच पाण्याने मी कुणाच्या तरी बाळंतपणाला हात धुणार."

मी बादली तोटीखाली लावली.

"सिस्टर, टँकर आल्यावर वता की मग."

"आज टँकरचा वार आहे. अकराला येतोच."

पुढच्या पायरीवर त्या वेळी कोंडाबाई बसल्या होत्या. गावच्या जुन्या सुईण. सत्तरीच्या, काटक, बोलणं मोजकं. त्यांची नात वैजंता पहिल्या बाळंतपणाला आलेली होती. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून आजीचं घर हेच तिचं माहेर. वैजंता तपासायला आत आली होती, आणि कोंडाबाई नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर. त्याला कारण मीच होते.

सहा वर्षांपूर्वी, मी गावात नवी असताना, शाळेच्या खोलीत आसपासच्या दहा सुइणींना शिकवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी तरणीताठी, तोंडाची फटकळ. फळ्यापुढे उभी राहून सांगितलं, "बाळंतिणीला आठव्या दिवशी ताप येतो तो करणीने येत नाही आणि बाहेरचं लागल्यानेही येत नाही. तो सुइणीच्या मळक्या हाताने आणि मळक्या पाण्याने येतो. पाणी वीस मिनिटं उकळा, झाकून ठेवा, हात कोपरापर्यंत धुवा." एवढं ऐकून कोंडाबाई उठल्या. चहा घेतला नाही, सामानाची पिशवी घेतली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. चालत्या झाल्या. मला तो अपमान वाटला. शिकवलेलं पचलं नाही म्हातारीला, असं मी चारचौघांत बोलले. पुढे दोन वर्षांनी बाळंतपणं उपकेंद्रातच व्हावीत असं ठरलं, तेव्हा मी त्यांना बजावलं, "कोंडाबाई, बाळंतपणाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही." त्या "बरं" म्हणाल्या. तेव्हापासून त्या पायरीवर आणि मी आत.

मी बादल्यांमागून बादल्या भरल्या. दोन बादल्यांनी पडवी धुतली. उरलेलं सगळं संडासात ओतलं. तो संडास पाण्याअभावी दिवाळीपासून बंदच होता. गावातल्या बायांसारखीच मीही पहाटे डबा घेऊन माळावर जात असे. त्या दिवशी संडास लख्ख झाला. पिंप मी पुढच्या आवारात आणून उपडं केलं, तेव्हा शेवटचं पाणी दगडावर सांडलं आणि बघता बघता वाळलं.

कोंडाबाई ते बघत होत्या.

"समदंच वतलं?" त्यांनी विचारलं.

"हो. कुणी काय घातलंय, कुणास ठाऊक."

त्यांनी वाळलेल्या दगडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं केलं. शंका आलेलं पानी वापरू नये."

मला वाटलं, टोमणा मारला. मी आत गेले. वैजंताला तपासलं, दिवस भरलेत, कधीही दुखू लागेल असं सांगितलं आणि पाठवून दिलं.

अकराला टँकर आला नाही. बाराला नाही. तीनच्या सुमारास एक सायकलवाला सांगत आला की घाटात टँकरचा पाटा तुटलाय, आता उद्याच. मी रिकाम्या पिंपाकडे बघितलं. मुमताजने सकाळची आठवण काढली नाही, हे तिचे उपकार.

पाच वाजता वैजंता आली. एका हाताने आजीचा खांदा धरला होता, दुसऱ्या हाताने कंबर.

"कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासनं," ती म्हणाली.

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?"

"तुमी रागात हुता."

मी तिला आत घेतलं, तपासलं. पिशवीचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडलं होतं. मूल डोक्याने खाली, ठोके चांगले. सगळं जसं हवं तसं होतं, फक्त माझ्याकडे पाणी नव्हतं. जीप बाजारची माणसं घेऊन गेली होती. ती असती तरी आता वेळ उरली नव्हती. घाटात रस्त्याच्या कडेला हिला मी उतरवणार नव्हते.

"मुमताज, घरोघर जा. जे मिळेल ते पाणी आण. पटकन."

मुमताज धावली. टँकरचा दिवस, तोही न आलेला. सगळ्यांच्या रांजणात तळाशी गढूळ गाळ. ती परत आली तेव्हा तिच्या कळशीत तीन घरांचं मिळून चार तांबे पाणी होतं आणि त्याचा रंग चहासारखा. स्टोव्हवर ठेवलं तरी उकळायचं कधी, गार व्हायचं कधी.

मी पायरीवर आले. कोंडाबाई तिथेच बसल्या होत्या.

हे त्यांना सांगायची पाळी माझ्यावर आली होती. चार वर्षं ज्या बाईला मी स्वच्छतेवरून दाराबाहेर ठेवलं, तिला.

"कोंडाबाई," मी म्हटलं, "पाणी नाही. सकाळी मी ओतून दिलं. माझी चूक झाली."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चालू लागल्या. अगदी त्या शाळेतल्या दिवशी गेल्या होत्या तशा. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. नात आत कण्हतेय आणि ही बाई रुसून निघाली, असं माझ्या मनात आलं. एवढं सगळं होऊनही माझ्या मनात तेच आलं, ह्याची मला अजून लाज वाटते.

पंधरा मिनिटांत त्या परत आल्या. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. दोन्हींच्या तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. त्या वयात ती चढण चढून त्यांना धाप लागली होती, पण पाणी डचमळलं नव्हतं.

"ईस मिन्टं उकळल्यालं हाय," त्या म्हणाल्या. "सकाळीच, घरात हुतं तेवढं समदं. गार झालंय. घ्या."

मी हंड्याचं फडकं सोडलं. आतून धुराचा वास आला.

माझा हात फडक्यावरच राहिला. तोच वास. पुसट, बाभळीच्या जळणाचा, चुलीवर तापलेल्या पाण्याचा. माझ्या डोळ्यांसमोरून सगळा हिवाळा गेला, सगळा उन्हाळा गेला. माझी काडी, माझ्या खाचा, सभेतलं कौतुक. न आटणारं पिंप.

"तुम्ही," मी म्हटलं.

"आदी पोरीकडं बघा," कोंडाबाई म्हणाल्या. "हात पुढं करा."

मी हात पुढे केले. त्यांनी कळशी कलती केली आणि बारीक धारेने पाणी घालू लागल्या. मी साबण लावला, तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, कोपर. हात वर धरले, तसं त्या न सांगता बोटांकडून कोपराकडे धार सोडत गेल्या, खालचं पाणी पुन्हा हाताला लागू नये म्हणून. हे मी त्या दिवशी शाळेत शिकवलं होतं, पण त्या उठून गेल्यानंतर. त्यांना हे कुणी सांगितलं, मला कळेना. नंतर मुमताजने सांगितलं की तिलाच त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं.

"आत या," मी म्हटलं.

"मी हितंच बरी."

"कोंडाबाई, मी सांगतेय, या."

"पोरगी वाट बघतीया तुमची," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

वैजंता धीराची होती. ओरडली नाही, फक्त माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी निळं पडलं. मुमताज तिच्या डोक्याशी उभी राहून तिला श्वास सांगत होती. दिवस मावळता मावळता मूल झालं. मुलगी. आधी क्षणभर काहीच नाही, आणि मग तिने असा टाहो फोडला की मुमताज हसायलाच लागली. वार पडली, पूर्ण पडली, रक्त बेताचं गेलं. मी सगळं धुतलं, पुसलं, पुन्हा हात धुतले. त्या हंड्यातलं पाणी मी वाटीने घेतलं नाही, तांब्याने घेतलं.

बाळाला मऊ लुगड्यात गुंडाळून मी पायरीवर आले. डोंगरामागे थोडा उजेड होता अजून.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"रडली न्हवं?"

"ऐकलं नाहीत?"

"ऐकलं. तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं."

"घ्या," मी बाळ पुढे केलं.

कोंडाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाई. माझ्या हातात नगा देऊ."

"पणजी झालात. घ्या की."

"नगं बाई."

मला वाटलं, राग अजून गेला नाही. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"तुमचं पाणी मी संडासात ओतलं, कोंडाबाई. आणि तुम्ही समोर बसून बघितलंत. एका शब्दाने सांगायचं होतंत."

"बाळातिनीला पानी दिलं तर नाव सांगत न्हाईत. आमच्यात तसंच हाय. दाराशी घागर ठेवायची आन निघायचं."

"कधीपासून घालत होता?"

"दिवाळीपासनं. टँकर रोजचा बंद झाला तवापासनं. तुमी पहाटं डबा घिऊन माळाला गेला की मी मागनं यायची. कळशी, अर्धी कळशी, जसं उरंल तसं. आज पहाटं हंडाभर घातलं, पोरीचं दीस भरलं म्हनून. तितंच चुकलं."

"नातीसाठी एवढं केलंत?"

"नात आत्ता फागुनात आली."

मी बोटांवर महिने मोजले. दिवाळीपासून तोवर त्या खोलीत सात बायका बाळंत झाल्या होत्या.

कोंडाबाई डोंगराकडे बघत बोलू लागल्या. "तुमी साळंत शिकवलं तो दीस आठवतोय का?"

"आठवतो. तुम्ही रागाने उठून गेलात."

"रागानं न्हवं." त्यांनी मान दाराकडे वळवली. "माझी शालन. वैजंताची आई. तिचं बाळातपन म्याच केलं हुतं. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई. असाच उनाळा हुता. डबक्याचं पानी आनलं, फडक्यानं गाळलं, नुसतं कोमट केलं. त्यातच हात बुडवलं. आठव्या दिशी ताप चढला. अकराव्या दिशी गेली. लोक म्हनलं, भाईरचं झालं. मी बी तेच धरून बसले. चौदा वर्सं. आन तुमी फळ्याम्होरं हुबं ऱ्हाऊन एका दमात सांगून टाकलं."

माझ्या मांडीवर बाळ हलत होतं. मी शाळेत त्या दिवशी कोणत्या साडीत होते, खडूने काय लिहिलं होतं, हे सगळं मला आठवत होतं. समोर बसलेल्या एका बाईला मी तिच्या लेकीच्या मरणाचं कारण सांगितलं, हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं.

"तापाचं कारण दुसरंही असू शकतं," मी म्हटलं. "अंगात रक्त कमी असेल, वार आत राहिली असेल."

"खोटं नगा बोलू, बाई. तुमी शिकवल्यालं समदं माझ्या ध्यानात हाय. वार पुरी पडली हुती. म्या सोता बघितली."

मग म्हणाल्या, "त्या दिसापासनं म्या कुनाचं बाळातपन केलं न्हाई. तुमी मनाई केली त्याच्या आदी दोन वर्सं सोडलं हुतं. तुमाला वाटलं तुमच्या धाकानं."

त्या थोड्या हसल्या. मला रडू आलं. मी लपवलं नाही.

"मुमताज," मी हाक मारली, "बाळाला धर. आणि कळशी आण."

कळशीत थोडं पाणी उरलं होतं. मी साबणाची वडी घेतली, एक पायरी उतरून कोंडाबाईंच्या पुढ्यात बसले.

"हात बाहेर काढा."

"कशाला आता."

"काढा म्हणते ना."

त्यांनी पदराखालून हात काढले. मोठे हात होते, बोटांचे सांधे सुजलेले, तळव्यावर घट्टे. चाळीस वर्षं गावातली पोरं ह्या हातांवर आली होती. मी पाणी घातलं. साबण लावला. तळव्यावर तळवा, मग हाताची मागची बाजू, मग बोटांच्या बेचक्या, एकेक करून. अंगठे. नखांच्या कडा. मनगटं. लहान पोराचे धुवावेत तसे मी ते हात धुतले, आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पाणी घातलं, पुन्हा घातलं, आणि पुन्हा.

"बास की," त्या म्हणाल्या. "किती वतताय. उद्याला ऱ्हाऊ द्या थोडं."

"असू दे," मी म्हटलं.

धुतलेल्या फडक्याने मी त्यांचे हात टिपले. मुमताजने बाळ माझ्याकडे दिलं आणि मी ते त्यांच्या ओंजळीत ठेवलं. एक हात आपसूक मानेखाली गेला, दुसरा पाठीखाली. ते हात काही विसरले नव्हते. बाळाने डोळे उघडले, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा मिटले.

"शालनचं कपाळ हाय," कोंडाबाई म्हणाल्या. आतून वैजंताने विचारलं, "आजी, बघितलंस का गं?" त्या म्हणाल्या, "बघतीया, बाळा." आणि मग किती तरी वेळ बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. मी पाणी निवळलं, उकळलं, पिंपात भरलं. फडकं बांधलं, पण गाठ सैल ठेवली. कळकाची काडी मोडून स्टोव्हच्या काकड्यासाठी ठेवून दिली.

आठव्या दिवशी वैजंताला ताप नव्हता. अकराव्या दिवशीही नव्हता. दोन्ही दिवशी कोंडाबाईंनी मला तीनतीनदा तापमापक लावायला सांगितला, आणि मी तीनतीनदा लावला.

बाराव्या दिवशी पहाटे मी डबा घेऊन माळावर गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा परतले. उपकेंद्राच्या कोपऱ्याशी आले तेव्हा पडवीत हालचाल दिसली. मी जागीच थांबले आणि मोठ्यांदा खोकले. पुन्हा एकदा खोकले. सावकाश पावलं निघून गेल्याचं ऐकू आलं, तेव्हा पुढे झाले.

झाकण उचलून मी वास घेतला. पाण्याला धुराचा वास येत होता. मी झाकण लावलं, फडकं बांधलं आणि आत जाऊन चहा ठेवला.